उकळीत जे निघून जातं

रिठे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे आणि सकाळी हाताने कुस्करायचे, की घमेलं फेसाने भरून येतं. आजीच्या पिढीने केस याच पाण्याने धुतले, रेशमी लुगडी याच पाण्यातून काढली, आणि काळवंडलेली चांदी उजळायला सोनार अजूनही रिठाच काढतो. हा फेस धरणाऱ्या द्रव्यांना रसायनशास्त्रात सॅपोनिन म्हणतात. नाव लॅटिनमधल्या 'सापो'वरून, म्हणजे साबणावरून पडलेलं. आपला 'साबण'ही अरबी-पोर्तुगीज वळणं घेत मागे गेला तर त्याच शब्दापाशी पोचतो.

या फेसाला दुसरीही एक बाजू आहे. गेळाची फळं ठेचून ओढ्याच्या डोहात टाकली की मासे गुंगतात, पोट वर करून तरंगू लागतात आणि हाताने वेचता येतात. डोंगरपाड्यांवरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गंमत अशी की हेच मासे भाजून खाणाऱ्या माणसाला काही होत नाही. केसांना साबण, माशाला विष आणि आपल्या पोटात जवळजवळ निरुपद्रवी असं हे द्रव्य आहे.

सॅपोनिन तयार करणं हा मुख्यतः वनस्पतींचा उद्योग. प्राण्यांत तो जमलेले अगदी थोडे, आणि त्यांत तारामाशांबरोबर नाव घ्यावं लागतं ते समुद्रकाकडीचं. समुद्राच्या तळाशी वाळू गिळत आणि वाळूच टाकत सरकणारा हा लांबट, मऊ जीव. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, मेंदू म्हणावा असं काही नाही. तोंडाभोवती शुंडकांचा झुबका असतो, आणि श्वास घेण्याचं काम गुदद्वारातून आत पाणी ओढून चालतं. नाव काकडीचं असलं तरी हा प्राणी, आणि नातं तारामाशाशी व सागरी साळिंदराशी. जगात याच्या सुमारे 1,700 जाती आहेत. आपल्या कोकणपट्टीवर ओहोटीच्या खडकांत तो दिसतो, पण आपण तो खात नाही. बांगडा, सुरमई, तिसऱ्या, कालवं, शिंपल्या असं सगळं पचवलेल्या कोकणी माणसालाही याच्याकडे पाहून भूक लागत नाही. यात कोकणी माणसाचा दोष नाही.

पूर्वेकडे मात्र चित्र उलटं आहे. चिनी भाषेत याला 'हायशन' म्हणतात, म्हणजे समुद्रातला जिनसेंग. मिंग काळातल्या श्ये झाओझ या लेखकाने नोंद केली आहे की हा पदार्थ अंगाला ऊब आणि बळ देणारा आहे, जिनसेंगच्या तोडीचा आहे, म्हणून हे नाव. त्याला रसायनशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण जिनसेंगच्या मुळातली ज्यांची ख्याती आहे ती द्रव्यंही सॅपोनिनच. आणि नुसती सॅपोनिन नव्हेत, तर समुद्रकाकडीत जी आहेत त्यांच्याच मोठ्या घराण्यातली, ट्रायटर्पीन या सांगाड्यावर साखरा जोडून झालेली. केवळ गुणावरून ठेवलेलं नाव चारशे वर्षांनी प्रयोगशाळेत असं खरं ठरावं हा योगायोग. योगायोगच म्हणायला हवं, कारण ताटात येणाऱ्या समुद्रकाकडीत हे द्रव्य फारसं उरलेलंच नसतं. त्याकडे पुढे येऊ.

समुद्रकाकडीतल्या विषाची शास्त्रीय ओळख विसाव्या शतकाच्या मध्यावर पटली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचे लोक ओहोटीला खडकात साचलेल्या डबक्यांत समुद्रकाकडी चिरून पिळत आणि गुंगलेले मासे गोळा करत. म्हणजे आपल्या गेळाचंच तंत्र, फक्त खाऱ्या पाण्यातलं. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात काम करणारे रॉस नायग्रेली यांनी बहामा बेटांजवळच्या एका जातीतून, ॲक्टिनोपायगा अगासिझी हिच्यातून, हे विष वेगळं काढलं आणि 1952 मध्ये त्याला 'होलोथुरिन' हे नाव दिलं. जपानमध्ये यामानोउची याच दिशेने स्वतंत्रपणे पोचले होते. घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणाऱ्या हौशी लोकांना हे प्रबंध वाचावे लागत नाहीत. पेटीतली समुद्रकाकडी मेली किंवा पंपात अडकून चिरडली, तर काही तासांत सगळे मासे पोट वर करून तरंगतात. तो धडा एकदाच लागतो.

होलोथुरिनचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा असेल तर माळेला लटकवलेलं पदक आठवा. पदक म्हणजे कार्बनच्या कड्यांचा एक घट्ट सांगाडा, तेलात रमणारा. माळ म्हणजे एकामागून एक जोडलेल्या चार साखरा, पाण्यात रमणाऱ्या, आणि त्यांतल्या एका साखरेवर गंधकाचा एक सल्फेट गट बसलेला. एक टोक तेलाकडे ओढतं, दुसरं पाण्याकडे. साबणाचाही रेणू असाच असतो, म्हणून फेस. आता प्राण्याच्या पेशीभोवतीचं आवरण बघा. तेही तेलकट आहे आणि त्याला बळकटी देणारं मुख्य द्रव्य म्हणजे कोलेस्टेरॉल. होलोथुरिनचा तेलकट सांगाडा त्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतो, आवरणात भोकं पडतात आणि पेशी फुटते. तांबड्या रक्तपेशींवर हा परिणाम अगदी झटपट दिसतो. माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो, त्यामुळे पाण्यातलं विष थेट तिथे घाव घालतं. आपण ते गिळलं तर आतड्यातून ते फारसं आत शिरत नाही. डोळ्यांत गेलं तर मात्र भयंकर दाह होतो, म्हणून पाणबुडे ही गोष्ट हलक्यावारी घेत नाहीत.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि मला या सगळ्या विषयातला तो सर्वांत चवदार वाटतो. पेशी फोडणारं विष अंगभर बाळगणारा हा प्राणी स्वतः कसा जगतो?

त्याचं उत्तर 2022 मध्ये 'नेचर केमिकल बायॉलॉजी' या नियतकालिकात आलं. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरमध्ये ॲन ऑसबर्न यांच्या गटात काम केलेले भारतीय संशोधक रमेशा थिमप्पा हे त्या लेखाचे पहिले लेखक. प्राणी कोलेस्टेरॉल बनवतात ते स्क्वॅलीन नावाच्या लांब साखळीपासून. मुशीच्या यकृताच्या तेलात ही साखळी भरपूर सापडते आणि तिचं नावही शार्कच्या एका लॅटिन नावावरून आलं आहे. एक विकर ही साखळी दुमडून लॅनोस्टेरॉल नावाचा कच्चा माल बनवतं. तुमच्या माझ्या पेशीत हेच चालतं. समुद्रकाकडीच्या जनुकांत हे विकर सापडलंच नाही. त्याच्या जागी त्याच्याच वंशातली, पण वाट बदललेली दोन विकरं सापडली. ती साखळीला वेगळी घडी घालतात आणि सॅपोनिनचा सांगाडा बनतो. त्याबरोबरच समुद्रकाकडीच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी निराळ्या घडणीचे स्टेरॉल येतात, ज्यांना होलोथुरिन नीट चिकटू शकत नाही. म्हणजे शत्रूच्या घराच्या विटा फोडणारी पहार घडवायची तर आधी स्वतःच्या भिंतीतल्या विटा बदलायला हव्यात, आणि या प्राण्याने तेच केलं आहे.

एवढा बंदोबस्त असूनही कोणी ना कोणी आत शिरतोच. मोतीमासा नावाचा एक सडपातळ मासा दिवसा समुद्रकाकडीच्या गुदद्वारातून आत जाऊन राहतो. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला विषापासून वाचवतो. एक ठिपकेदार छोटा खेकडा तर तिच्या अंगावरच बिऱ्हाड करतो, आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हा खेकडा आपलं घर सॅपोनिनच्या वासावरूनच शोधतो. इतरांनी पळावं म्हणून जे दार लावलं, तेच दार याला खुणेची पाटी झालं आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. मासे मारणारा हा जीव माणसाने शतकानुशतकं खाल्ला कसा, याचं उत्तर त्याच्या प्रक्रियेत आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदरातून दर पावसाळी वाऱ्यांबरोबर गलबतांचे तांडे निघत आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर पोचत. शोधायचं एकच, 'त्रिपांग', म्हणजे समुद्रकाकडी, आणि गिऱ्हाईक एकच, चीन. फेब्रुवारी 1803 मध्ये इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स ऑस्ट्रेलियाला वळसा घालत असताना त्याला पोबास्सू नावाचा मकासरी नाखवा भेटला. साठ गलबतं आणि हजार माणसं या कामाला आली आहेत, असं त्याने सांगितलं. किनाऱ्यावर भट्ट्या लागत. समुद्रकाकडी चिरून आतडी काढायची, मोठ्या लोखंडी कढयांत उकळायची, काही जाती वाळूत पुरून ठेवायच्या म्हणजे वरचा खडूसारखा थर कुजून सुटतो, मग घासून धुवायची, कांदळवनातल्या झाडांच्या सालीबरोबर पुन्हा उकळायची, आणि धूर व ऊन देऊन कडकडीत वाळवायची. हा व्यापार 1907 च्या सुमारास थांबला. त्यांच्या मुक्कामाच्या जागा अजून ओळखू येतात त्या चिंचेच्या झाडांमुळे. चिंच ऑस्ट्रेलियाची नव्हे. मकासरी लोक डब्यातून चिंच आणत आणि चिंचोके तिथेच टाकत.

ज्याला मकासरी त्रिपांग म्हणत त्याला पोर्तुगीजांनी 'बिशू दु मार', समुद्रातला किडा म्हटलं. फ्रेंचांनी ते 'बेश-द-मेर' केलं, आणि या व्यापाराच्या बाजारात जी मोडकीतोडकी बोली जन्मली तिचं नाव पडलं बिस्लामा. आज ती वानुआतू या देशाची राष्ट्रभाषा आहे. विषय रसायनांचा आहे, पण एखाद्या देशाच्या भाषेचं नाव समुद्रातल्या किड्यावरून पडावं हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

तर उकळणं. सॅपोनिन उष्णतेने सहजासहजी मोडत नाहीत, पण पाण्यात चांगली विरघळतात. आतडी काढून टाकली की विषाचा मोठा वाटा जातो. काही जातींत आतड्यांजवळ चिकट पांढऱ्या दोऱ्यांचा पुंजका असतो, शत्रूवर फेकण्यासाठी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याचं नाव त्याला आहे आणि विष तिथे खच्चून भरलेलं असतं. उरलेलं बरंचसं वारंवार उकळण्यात आणि पाणी बदलण्यात निघून जातं. खडूसारखा जो थर घासून काढतात तोही रसायनच आहे. कातडीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात, कोणी गुंडीसारखे, कोणी चाकासारखे, कोणी अगदी जहाजाच्या नांगरासारखे. जाती ओळखणारे तज्ज्ञ कातडीचा तुकडा कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये विरघळवतात आणि खाली उरलेल्या खड्यांचा आकार सूक्ष्मदर्शकातून बघतात. ताज्या मालाचं वाळल्यावर किती उरतं? वाळूत राहणाऱ्या सर्वांत मौल्यवान जातीत शंभर किलोमागे जेमतेम पाच किलो. हाँगकाँगच्या दुकानात तिला किलोला शेकडो डॉलर पडतात.

जपानी लोक मात्र कच्ची खातात. हिवाळ्यात 'नामाको'चे पातळ काप शिरक्यात घालून. काही ठिकाणी ते काप आधी गरम चहाच्या पाण्यातून काढतात, म्हणजे चावायला मऊ होतात. तिच्या आतड्यांचं मिठात आंबवलेलं 'कोनोवाता' हे तिथल्या तीन नामांकित चवींपैकी एक मानलं जातं. जपानशी या प्राण्याची ओळख फार जुनी आहे. इसवी सन 712 मधल्या 'कोजिकी' या ग्रंथात कथा आहे की देवीने सगळ्या जलचरांना विचारलं, सेवा कराल का? सगळे हो म्हणाले, समुद्रकाकडी गप्प राहिली, म्हणून तिचं तोंड सुरीने चिरण्यात आलं. कच्ची खाऊनही जपानी लोकांना काही होत नाही याची कारणं वर आलीच आहेत. विष पोटातून आत फारसं शिरत नाही आणि ताटात येतं ते मुख्यतः अंगाचं मांस.

जपानी लोक खातात त्याच जातीतून तिथले संशोधक शिमादा यांनी बुरशी मारणारं सॅपोनिन वेगळं काढलं आणि 1969 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते जाहीर केलं. नाव होलोटॉक्सिन. बुरशीच्या पेशींतलं स्टेरॉल वेगळं असलं तरी घाव घालायची रीत तीच. पावसाळ्यात पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांसारख्या बुरशीवर लावायचं मलम त्यापासून जपानमध्ये तयार झालं. समुद्रकाकडीच्या सॅपोनिनने औषधाचं काम प्रत्यक्ष केलं ते इथे, कातडीच्या वरच्या वर, जिथे रक्तपेशी फुटण्याची भीती नाही.

'मांस' हा शब्द वर मी सोयीसाठी वापरला. खाल्लं जातं ते मुख्यतः कातडं, आणि त्यातली बहुतेक प्रथिनं म्हणजे कोलॅजन. हाडांच्या सूपवर जो थरथरता थर धरतो, तेच. म्हणून वाळलेली समुद्रकाकडी दोन-चार दिवस भिजवून मंद शिजवली की चव जवळजवळ शून्य आणि पोत मात्र लवचिक, तोंडात थरथरणारा. चिनी खवय्ये ज्यासाठी पैसे मोजतात तो हा पोत आहे. चव रश्शाची असते.

हे कोलॅजन जिवंतपणी काय करतं ते विलक्षण आहे. समुद्रकाकडीला हात लावा, ती काही क्षणांत लाकडासारखी ताठ होते. जरा वेळ चोळत राहा, ती मऊ पडते, कधी तर हातात अक्षरशः वितळते. स्नायूंचा यात मोठा वाटा नाही. कातडीतले कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधले जाणं किंवा सुटणं, एवढंच. मज्जातंतूंच्या इशाऱ्याने पेशी काही प्रथिनं सोडतात. टेन्सिलिन हे त्यांतलं एक, ते धाग्यांना जखडतं. दुसरी काही ही बांधणी सैल करतात. ताठ होऊन खडकाच्या फटीत अडकून बसायचं, आणि मऊ होऊन तिथूनच ओघळून निघायचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी ही युक्ती उचलून असं प्लास्टिक बनवलं की ते कोरडं असताना टणक असतं आणि ओलं झालं की मऊ पडतं. 2008 मधला हा शोध. मेंदूत घालायच्या विद्युताग्रांसाठी त्याचा विचार झाला. शिरताना सुई ताठ हवी आणि आत गेल्यावर मेंदूसारखीच मऊ.

कोलॅजनचं कौतुक करताना एक गोष्ट विक्रेते गिळून टाकतात. वाळलेल्या समुद्रकाकडीत प्रथिनं भरपूर आणि चरबी नगण्य, हे खरं आहे. पण कोलॅजन हे पोषणाच्या दृष्टीने अपुरं प्रथिन. ट्रिप्टोफॅन नावाचा आवश्यक घटक त्यात नसतोच. त्या बाबतीत मूठभर डाळ आणि भात तिच्यापेक्षा वरचढ ठरेल. समुद्रकाकडी खाल्ली की तिचं कोलॅजन उचलून आपल्या गुडघ्यात नेऊन ठेवलं जातं, असं पोटाचं चालत नाही. पोट आधी सगळं सुटं करतं.

आता ज्या द्रव्यामागे औषधशास्त्रज्ञ खरोखर लागले आहेत ते बघू. ते सॅपोनिन नव्हे. कातडीत कोलॅजनच्या धाग्यांमध्ये साखरांची एक लांब साखळी असते, फ्यूकोसयुक्त काँड्रॉइटिन सल्फेट या लांबलचक नावाची. काँड्रॉइटिन सल्फेट आपल्या कूर्चेतही असतं. पण समुद्रकाकडीने त्या साखळीला फांद्या फोडल्या आहेत. प्रत्येक फांदीवर फ्यूकोस ही साखर आणि तिच्यावर सल्फेटचे भार. ब्राझीलमध्ये पाउलो मोराओ यांच्या गटाने दाखवलं की ही साखळी रक्त गोठू देत नाही, आणि फांद्या छाटल्या तर हा गुण नाहीसा होतो. म्हणजे जादू खोडात नाही, फांद्यांत आहे.

रक्त गोठू नये म्हणून रुग्णालयांत आज जे हेपॅरिन टोचतात ते डुकरांच्या आतड्यांपासून काढतात. एका प्राण्यावर आणि मोजक्या देशांवर जगाचं अवलंबून असणं किती धोक्याचं, हे 2008 मध्ये भेसळीच्या हेपॅरिनने रुग्ण दगावले तेव्हा कळलं. त्यामुळे पर्यायांचा शोध जोरात आहे. समुद्रकाकडीच्या साखळीत आणखी एक आकर्षण आहे. रक्त गोठण्याच्या साखळीतली एक आतली पायरी ती विशेषकरून अडवते, त्यामुळे गुठळी रोखताना रक्तस्राव कमी होईल अशी आशा वाटते. अडचण अशी की मूळ लांब साखळी टोचली तर ती रक्तबिंबिकांना डिवचते आणि रक्तदाब घसरवू शकते. म्हणून ती तोडून आखूड करण्याचे प्रयोग चालू आहेत. हेपॅरिनची जागा अजून कोणी घेतलेली नाही. पण ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी समुद्रकाकडीच्या अर्काची बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये, एवढं या संशोधनातून आजच निघतं.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर मलेशियाकडे बघायला हवं. लंकावी आणि पांकोर बेटांवर 'गामात' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातींचं पाणी आणि तेल विकतात. जखम, बाळंतीण, भाजणं, पोटदुखी, सगळ्यांवर तेच. जखम भरण्याच्या समजुतीला थोडा रासायनिक आधार सापडतो. या प्राण्यांत माशांच्या तेलात असतात तशी ईपीएसारखी मेदाम्लं आहेत आणि एक आडफाट्याचं मेदाम्ल आहे, जे बहुधा तिच्या आतल्या जीवाणूंकडून येतं आणि दाह कमी करण्याच्या गुणासाठी अभ्यासलं गेलं आहे. पण 'कर्करोगावर रामबाण' असं लेबल दिसलं की मला रिठ्याचं पाणी आठवतं. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी समुद्रकाकडीच्या सॅपोनिनने मरतात, हे खरं. उत्तर अटलांटिकमधल्या जातीच्या फ्रोंडोसाइड-ए या द्रव्याने उंदरांतल्या गाठी आकसल्याचेही अहवाल आहेत. पण पेशीचं आवरण फोडणारं द्रव्य बशीत कोणतीही पेशी मारेल, ही काही बातमी नाही. नेमकी वाईट पेशी मारून तांबडी रक्तपेशी सोडायची, हा खरा पेच आहे आणि तो सुटलेला नाही.

रक्तपेशी फोडण्याच्या याच गुणाचा सर्वांत अनपेक्षित उपयोग डासात झाला. कुकुमारिया एकिनाटा या जातीत सीईएल-3 नावाचं एक प्रथिन आहे. ते सॅपोनिन नव्हे, लेक्टिन आहे, साखरेला चिकटून पेशी फोडणारं. हिवतापाच्या परजीवीलाही ते मारतं. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातले शिगेतो योशिदा आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजातले रॉबर्ट सिंडेन यांच्यासह अनेकांनी या प्रथिनाचं जनुक डासात घातलं. डासीण रक्त प्यायली की तिच्या पोटात हे प्रथिन सुटतं आणि परजीवीची वाढ खुंटते. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. डास होता ॲनोफिलीस स्टेफेन्सी, म्हणजे मुंबईत इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात पैदास होणारा, महापालिकेचे कर्मचारी ज्याच्या मागे शिडी घेऊन फिरतात तोच. प्रयोगशाळेबाहेर हे डास आलेले नाहीत.

आपल्या देशात ही गोष्ट शेवटी जाते ती मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत. तमिळमध्ये हिला 'कडल अट्टै' म्हणतात, समुद्रातली जळू. रामनाथपुरम, मंडपमच्या किनाऱ्यावर पाणबुडे तळाला जाऊन ती वेचत, माल चीनकडे जाई. तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेत डी. बी. जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये वाळूतल्या मौल्यवान जातीची, होलोथुरिया स्काब्राची, अंडी उबवून पिल्लं वाढवली. जगात ते पहिल्यांदाच झालं. पण उबवणीच्या वेगापेक्षा वेचणीचा वेग मोठा होता. 2001 मध्ये सरकारने सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकल्या. वाघाच्या रांगेत. पकडणाऱ्याला तीन ते सात वर्षं तुरुंगवास. पलीकडे श्रीलंकेत मात्र परवाना घेऊन हीच जात पकडता येते, वाढवता येते आणि निर्यात करता येते, आणि दोन किनाऱ्यांमधलं पाणी जेमतेम काही तासांचं आहे. मच्छीमार बंदी उठवण्याची मागणी करत राहतात, आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. इकडे लक्षद्वीपमध्ये चेरियापाणी प्रवाळबेटाभोवती 239 चौरस किलोमीटरचं समुद्रकाकडीचं राखीव क्षेत्र 2020 मध्ये जाहीर झालं. फक्त तिच्यासाठी राखलेलं जगातलं ते पहिलं क्षेत्र.

तस्करीत पोती पकडली जातात तेव्हा छायाचित्रांत बहुधा दिसतात ते काळे, आक्रसलेले, चपलेच्या तुटक्या टाचेसारखे तुकडे. पकडणारे ती मोजतात, तोलतात, पंचनामा करतात. पोत्यातल्या मालात कोलॅजन आहे, थोडी काँड्रॉइटिनची साखळी आहे. रसायनशास्त्र ठाऊक असतं तर ज्या द्रव्याच्या जोरावर चिनी लेखकाने हिला जिनसेंगच्या पंक्तीला बसवलं असतं, आणि ज्याचं नाव बाटल्यांच्या लेबलांवर ठळक छापतात, ते द्रव्य बहुतांशी पोत्यात नसतं. कुठल्या तरी आडबाजूच्या किनाऱ्यावर रात्री चूल पेटवून पिंपात दोनदा उकळल्यावर जे फेसाळ पाणी वाळूत ओतलं, ते त्याच्याबरोबर गेलेलं असतं.